आतल्या खोलीचं ठाऊक न्हाई

माधवनगरच्या पायगोंडा पाटलाला साठीच्या उंबरठ्यावर नेमकं बोलायचं वेड लागलं आणि त्यात समोरच्या भाऊसो चौगुल्याच्या पोराचं जमत आलेलं लग्न मोडलं. थापा मारून लग्नं जमवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. एक शब्दही खोटा न बोलता लग्न मोडून दाखवणारा मात्र आमच्या भागात हा पहिलाच.

वेड लागलं ते मुलीच्या पुस्तकातनं. चंदना एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती, सांगलीत विश्रामबागला तिचा क्लास होता. जैनाघरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मोकळी मिळते. ताटं उचलली की बापलेक दारापुढच्या कट्ट्यावर बसायची. पायगोंडा जुना बी. कॉम., इंग्रजी वाचायला यायचं. तो पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायचा, खालचे पर्याय वाचायचा, चंदना उत्तर सांगायची. आधी नुसतं वाचून गप्प बसायचं असं ठरलं होतं, पण अडत दुकानात उभा जन्म गेलेल्या माणसाला गप्प बसणं कसं जमणार?

"एका शहरात छत्र्यांचा खप वाढला. त्याच वर्षी दवाखान्यात सर्दीचे रुग्ण कमी आले. तर ह्यातनं खात्रीनं काय म्हणता येईल?" त्यानं एकदा वाचलं आणि पुस्तक मिटून स्वतःच उत्तर दिलं. "डॉक्टरनी फी वाढवली असणार. लोक घरातच काढा घेत असणार."

"अप्पा, फी कुठं आहे उताऱ्यात?"

"उताऱ्यात नसंल. जगात हाय की."

"जग बाजूला ठेवायचं," चंदना म्हणाली. "उताऱ्यात आहे तेवढं खरं धरायचं आणि त्यातून निघाल्याशिवाय राहणारच नाही, तेवढंच म्हणायचं. बहुतेक, कदाचित, असणार, हे सगळं बाद."

बरोबर उत्तर निघालं ते असं, की त्या शहरात त्या वर्षी निदान एक वस्तू आधीपेक्षा जास्त खपली. पायगोंडाला हे म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन आल्यासारखं वाटलं.

पण पाण्याचीही चटक लागते. लहानपणी बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पाठशाळेत पंडितजींनी त्याच्याकडून 'स्यात्' हा शब्द घोकून घेतला होता. कुठलीही गोष्ट एका बाजूनं तशी असते, दुसऱ्या बाजूनं नसते, म्हणून माणसानं जपून बोलावं. तो शब्द इतकी वर्षं पोटात नुसताच पडून होता, त्याला आता परीक्षेच्या पुस्तकानं फोडणी दिली. आपल्या धर्मातलं गूढ इंग्रजांनी पाच पर्यायांत बसवलंय असं पायगोंडा येईल त्याला सांगू लागला, आणि बघता बघता त्याची उत्तरं चंदनापेक्षा बरोबर यायला लागली.

परिणाम व्हायचा तो झालाच. मूठभर हळद बघायची, एक कांडी मोडून आतला रंग बघायचा आणि अख्ख्या पोत्याबद्दल बोलायचं, हा त्याचा धंदा. तो आता कांडी मोडून म्हणायचा, "ही कांडी चांगली हाय. पोत्याचं मला ठाऊक न्हाई." शेतकरी म्हणायचा, "आवं, पोत्यातलीच हाय न्हवं?" "ती पोत्यात हुती. बाकीच्या तिच्यागत हाईत हे कुणी सांगितलं?" शेतकरी पोतं उचलून शेजारच्या अडतीत जायचा. घरी बायकोनं, गुणमालानं, आमटी कशी झालीय विचारलं तर म्हणाला, "ह्या वाटीतली चांगली हाय." तिनं त्या दिवशी दुसरी वाटी वाढलीच नाही. पातेल्यातली कशी आहे ते कुणाला ठाऊक, म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग भरतेशची चौकशी आली.

भरतेश हा समोरच्या भाऊसोचा एकुलता एक. भाऊसो आणि पायगोंडा चड्डीत होते तेव्हापासूनचे मित्र. भरतेशचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं, चांगलं चालत होतं, पण पोराची तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. दुकानदार नको, सांगली नको, सासूसासरे नकोत, अशा तऱ्हेनं स्थळं येत आणि जात. शेवटी साताऱ्याचं स्थळ आलं. ब्राह्मी मगदूम, पोवई नाक्याजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. दोघं गच्चीवर अर्धा तास बोलली. परत आल्यापासून भरतेश गिऱ्हाइकाला पाइप मोजून देताना मधेच हसायचा आणि पहिल्यापासून मोजायचा. भाऊसोनं हे बघितलं आणि बस्तीत जाऊन नारळ ठेवला. पोराचा जीव जडलाय हे आंधळ्यालाही दिसत होतं. हे मोडलं तर पुढचं स्थळ बघायला भरतेश जाणारच नव्हता.

आता फक्त चौकशी राहिली होती. आमच्याकडे पसंती झाली तरी काही खरं नसतं. मुलीकडचा एक जाणता माणूस न सांगता मुलाच्या गावी येतो, शेजाऱ्यापाशी, दुकानदारापाशी चहा पीत बसतो आणि पोरगा कसा आहे ते काढून घेतो. सांगणाऱ्यानं चार शब्द वाढवून सांगायचे, ऐकणाऱ्यानं दोन कमी करून घ्यायचे, असं सगळं बसलेलं असतं. 'सोन्यासारखा पोरगा' म्हटलं की समजायचं, बरा आहे. 'बरा आहे' म्हटलं की समजायचं, उठावं.

मगदुमांच्या घरात हे काम ब्राह्मीच्या आर्जवमामाकडे होतं. सुतावरून स्वर्ग गाठावा तर मामानं. दारातल्या चपला बघून तो घरातल्या माणसांचे स्वभाव सांगायचा, दोरीवरचे कपडे बघून कर्ज सांगायचा. असा माणूस एका दुपारी पायगोंडाच्या अडतीत येऊन गादीवर टेकला. चहा आला. मामानं बशी फुंकत विषय काढला.

"चौगुल्यांचा भरतेश कसा आहे, पाटील?"

"दिसाय बरा हाय," पायगोंडा म्हणाला.

मामानं बशी खाली ठेवली. "व्यसन वगैरे?"

"माझ्यासमोर कवा काय घेतल्याचं बघितलं न्हाई."

"तुमच्यामागं?"

"मागं मी नसतोय. मागचं कसं सांगू?"

"खाणंपिणं? कांदालसूण?"

"घरात न्हाई. भायेरचं उताऱ्यात न्हाई."

"कशात?"

"म्हंजे मला म्हाईत न्हाई."

मामाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आईवडिलांशी कसा वागतो?"

"आमच्या कट्ट्यावरनं दिसतंय तेवढं चांगलं वागतोय. आतल्या खोलीचं ठाऊक न्हाई."

"रागीट आहे का?"

पायगोंडानं नीट विचार केला. "आजवर मला मारलं न्हाई," तो म्हणाला.

मग मामानं शेवटचा प्रश्न टाकला. चौकशीत हा प्रश्न असतोच आणि त्याचं उत्तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. "तुमची मुलगी असती तर दिली असती का?"

"मुलगी हाय की."

"मग?"

"दिली न्हाई."

यातही खोटं काही नव्हतं. पण यामागं एक गोष्ट होती आणि ती पायगोंडानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. गेल्या दिवाळीत त्यानं चंदनाला हळूच विचारलं होतं, समोरचा भरतेश कसा वाटतो, भाऊसोशी बोलू का? तिनं नको म्हणून मान हलवली आणि आत निघून गेली. का नको, ते त्यानं विचारलं नाही. आपल्या पोरीला नको म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार, असं त्याच्या मनानं त्याच दिवशी ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून भरतेश दिसला की तो ती खोट शोधायचा. परक्या शहरातल्या छत्र्यांबद्दल एवढं जपून बोलणारा माणूस, पण हे अनुमान तपासावं असं त्याला एकदाही सुचलं नाही.

मामा चहा अर्धा टाकून उठला. साताऱ्याला पोचेपर्यंत फोनवर सगळं ठरलं. मुलगा बाहेर कांदालसूण खातो, लपून पितो, आईवडिलांना आतल्या खोलीत नेऊन मारतो आणि शेजारच्या भल्या गृहस्थानं पोटची पोरगी त्याच्यापासून वाचवून ठेवली आहे. गृहस्थ इतका भला, की तोंडानं एक वाईट शब्द काढला नाही.

साताऱ्याहून निरोप आला, योग दिसत नाही. भाऊसोनं इकडून तिकडून विचारून मामा कुठं बसला होता ते शोधून काढलं आणि पायगोंडासमोर येऊन उभा राहिला.

"काय सांगितलास रं त्यास्नी?"

पायगोंडानं प्रश्नासकट सगळी उत्तरं म्हणून दाखवली. "ह्यात खोटं काय हाय ते सांग, गड्या."

"खोटं काय न्हाई," भाऊसो म्हणाला. "खोटं बोलला असतास तर तुझ्याशी भांडलो तरी असतो." तो रस्ता ओलांडून घरी गेला आणि दिवसा कधी न लागणारं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भरतेशनं मोटरसायकल थांबवली. डोळे सुजलेले होते. "काका, तुमचं काय चुकलं न्हाई," तो म्हणाला. "तुमास्नी दिसलं तेवढंच सांगितलासा." आणि गेला. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर पायगोंडाला जेवण तरी गेलं असतं.

संध्याकाळी कट्ट्यावर त्यानं सगळं चंदनाला सांगितलं. पहिल्या दोन उत्तरांना ती हसली, तिसऱ्याला थांबली.

"अप्पा, हा परीक्षेतला नियम. तिथं उतारा कागदावर छापलेला असतो," ती म्हणाली. "इथं उतारा तुम्हीच होता. भरतेशदादाबद्दल तुमच्यात एवढं लिहिलेलं आहे, आणि तुम्ही चार ओळी वाचून पुस्तक मिटलं."

"लोकं भलतं अनुमान काढत्यात त्यो त्यांचा दोष."

"बाकीच्या ओळी का नाही वाचल्या?"

ह्याला पायगोंडाकडे उत्तर होतं, पण ते तिलाच कसं सांगणार? त्यानं पुढचा उतारा काढला.

भाऊसोच एका सकाळी पिशवी घेऊन दारात आला. "चल साताऱ्याला," तो म्हणाला. "जिभेनं मोडलास, जिभेनंच जोड." एसटीत तो आधी दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. कराड आल्यावर राग थोडा उतरला, मग शेजारी येऊन शिकवणी सुरू केली. "म्हण, पोरगा लाखात एक हाय."

"लाख पोरं मी बघितलेली न्हाईत, भाऊसो."

"गावात एक म्हण."

"गावातली तरी सगळी कुठं बघितल्यात?"

"गल्लीत," भाऊसो दातओठ खात म्हणाला. गल्लीवर पायगोंडा तयार झाला, पण गल्लीत लग्नाचं दुसरं पोरगंच नव्हतं, आणि हे मामानं हुडकून काढलं तर? साताऱ्यात उतरेपर्यंत दोघांचं काही ठरलं नाही.

मगदुमांच्या घरी पाणी मिळालं, चहाचं कुणी विचारलं नाही. ब्राह्मीचे वडील खुर्चीत, आर्जवमामा त्यांच्या उजव्या हाताला. भाऊसो सोफ्याच्या कडेला टेकला तसा मामा मेहुण्याच्या कानाशी लागला, "कडेला बसलेत. म्हणजे लपवतायत." भाऊसो घाबरून मागं सरकला तर मामा म्हणाला, "सावरून बसले." ब्राह्मी सुट्टी काढून घरी थांबली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती.

"पाटील, मी सरळच विचारतो," तिचे वडील म्हणाले. "तुमच्या घरात लग्नाची मुलगी आहे. समोर मुलगा. जात एक, रीत एक, एवढी मैत्री. मग त्याला दिली का नाही?"

भाऊसोनं पायगोंडाच्या पायावर पाय ठेवला. जुळत नव्हतं म्हण, तिला शिकायचं होतं म्हण, काहीही म्हण, असा तो पाय होता. पायगोंडालाही वाटलं, एकदा खोटं बोलावं आणि सुटावं. पण इतक्या दिवसांची सवय घशात आडवी आली.

"इचारलं हुतं," तो म्हणाला. "तिनं न्हाई म्हटलं."

भाऊसोनं पाय काढून घेतला. "कवा?" त्यानं विचारलं.

"गेल्या दिवाळीत."

"आणि मला कोण सांगणार?"

"बघा," मामा म्हणाला.

"का नाही म्हणाली?" हा प्रश्न दारातून आला. ब्राह्मी पुढं झाली होती.

"ते इचारलं न्हाई."

"मग तुम्ही काय समजलात?"

पायगोंडानं तोंड उघडलं आणि त्याची कानशिलं तापली. "पोरात काय तरी खोट असंल," तो म्हणाला, "आसं समजलो."

"तेच तर मी म्हणतोय," मामा खूश झाला. आपलं आणि ह्या माणसाचं डोकं एकाच रस्त्यानं चालतं हे कळल्यावर पायगोंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी रक्त तपासते, काका," ब्राह्मी म्हणाली. "नमुना न घेता रिपोर्ट लिहिला तर आमची नोकरी जाते. तुमच्या मुलीला फोन लावा."

फोन लागला. ब्राह्मीनं तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला. पलीकडे क्लासमधला गलका ऐकू येत होता.

"चंदना, मी साताऱ्यातनं बोलतोय. सगळी ऐकाय लागल्यात," पायगोंडा म्हणाला. "तू भरतेशला न्हाई का म्हटलीस?"

"आत्ता विचारताय, अप्पा?" गलका हळूहळू लांब गेला, ती बाहेर आली असावी. "दिवाळीत मी आत जाऊन तासभर वाट बघितली. म्हटलं, का ते विचारायला येतील."

"आता इचारतोय."

"तो चांगला आहे म्हणून नाही म्हटलं."

मामानं मान झटकली. "हे काय उत्तर झालं?"

"मला इंदूरला शिकायला जायचंय," चंदना म्हणाली. "पुढं नोकरी कुठं लागेल तिकडं. नवरा आडमुठा असता तर भांडून गेले असते. भरतेशदादा म्हणाला असता, जा. डबा बांधून, स्टेशनवर सोडून, गाडी हलेपर्यंत उभा राहिला असता. मिलच्या मैदानावर मला गाडी शिकवताना पडून त्याचा दात तुटला, तर घरी ऊस खाताना तुटला म्हणाला, माझी गाडी बंद होऊ नये म्हणून. असल्या माणसाला सोडून जाता येत नाही, अप्पा. आणि समोरच्या कट्ट्यावर तुम्ही. माझं पाऊल निघालंच नसतं."

तिनं फोन ठेवला. भाऊसो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. त्याला दाताचं आजच कळलं होतं.

"आता तुम्ही सांगा, काका," ब्राह्मी म्हणाली. "कसा आहे?"

दाताचं पायगोंडाला ठाऊक होतं, त्या दिवशी मैदानाच्या कडेनं जाताना त्यानं स्वतः बघितलं होतं आणि पोराचं खोटं चालू दिलं होतं. भाऊसोच्या बायकोच्या आजारपणात भरतेश दुकान बंद करून भाकरी थापायला शिकला होता, तेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. "सोन्यासारखा हाय," तो म्हणाला. आवाज जरा फाटलाच.

मामानं सवयीप्रमाणे दोन शब्द कमी केले. "म्हणजे बरा आहे," तो मेहुण्याला म्हणाला, आणि मेहुण्यानं आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

"ह्याच्यावरून सिद्ध काहीच होत नाही," ब्राह्मी हसून म्हणाली. "त्यांना रविवारी पाठवा. राहिलेलं मी त्यांनाच विचारीन. माझ्याकडून होय समजा."

भाऊसोनं साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि एसटीतल्या अनोळखी माणसांना वाटत सुटला. कंडक्टरला दोन दिले. मधेच तो पायगोंडाचा हात धरायचा आणि सोडायचा. पायगोंडा खिडकीबाहेर बघत बसला होता. इंदूर हे नाव घरात शंभरदा निघालं होतं. क्लासची फी त्यानंच भरली होती, पुस्तकं त्यानंच आणली होती. रोज संध्याकाळी एकेक उतारा स्वतःच्या तोंडानं वाचून त्यानं पोरीची तयारी करून घेतली होती, आणि ती तयारी कशाची चाललीय हे त्याला आज परक्याच्या दिवाणखान्यात, फोनवरून कळलं. तो मनातून हादरला होता. भाऊसो म्हणाला, "खा की रं पेढा," तेव्हा त्यानं तोंडात टाकला आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. जेवणं झाली. समोरचं दार सताड उघडं होतं आणि आतून भरतेशचं हसणं ऐकू येत होतं. चंदना पुस्तक घेऊन कट्ट्यावर आली. फोनबद्दल ती बोलली नाही, पायगोंडाही बोलला नाही. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कुठल्याशा बेटावरच्या पक्ष्यांचा उतारा होता. पर्याय वाचून झाले.

"तिसरा," चंदना म्हणाली.

पायगोंडाला बरोबर उत्तर ठाऊक होतं. दुसरा. तिचं चुकलं होतं, आणि ते चुकलं म्हणून त्याला बरं वाटलं. अशी रोज दोनचार चुकली तर, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पुस्तकावरून नजर वर करवेना.

"घाई करू नको," तो म्हणाला. "परत ऐक." आणि त्यानं उतारा पहिल्या ओळीपासून, तिला नीट कळावा म्हणून सावकाश वाचायला घेतला.